बडोद्यातल्या सरकारी शाळा: पाच शाळांपासून सक्तीच्या कायद्यापर्यंत

बडोद्यातल्या शिक्षणाचा विषय निघाला की आपण मराठी माणसं थेट सयाजीराव महाराजांपासून सुरुवात करतो. पण दरबारानं शहरात पहिल्या पाच शाळा काढल्या त्या १८७१ साली, मल्हारराव गायकवाडांच्या कारकिर्दीत. दोन मराठी, दोन गुजराती आणि एक इंग्रजी. चारच वर्षांनी गैरकारभाराचा ठपका ठेवून इंग्रजांनी ज्यांना गादीवरून उतरवलं, त्या मल्हाररावांच्या नावावर एवढं पुण्य जमा करायला हरकत नसावी.

मराठी आणि गुजराती शाळा सारख्याच, हे गावच्या वस्तीला धरून नव्हतं. रयत बहुतांशी गुजराती. मराठी होते ते राजघराणं, सरदार, शिलेदार आणि कारकून. त्याआधी दोघांचीही पोरं पंतोजीकडेच जायची. धूळपाटीवर बोटानं अक्षरं गिरवायची, पाढे घोकायचे, आणि कारकुनाच्या मुलानं पुढं मोडीवर हात बसवायचा.

१८७५ मध्ये राजघराण्यातल्या विधवा महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतलेला कवळाण्याचा गोपाळ, म्हणजेच पुढचे सयाजीराव महाराज, बारा वर्षांचा होता आणि त्याला अक्षरओळखही नव्हती. त्याच्यासाठी राजवाड्यातच शाळा भरली. इलियट साहेबांच्या देखरेखीखाली मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा. बाहेर दिवाण सर टी. माधवराव कारभाराची घडी बसवत होते. १८७९ मध्ये कॉलेजची कोनशिलाही बसली. १८८१ च्या डिसेंबरात महाराजांच्या हाती पूर्ण अधिकार आले. लगेच पुढच्या काळात अंत्यजांसाठी, म्हणजे अस्पृश्य मानलेल्या जातींसाठी, वेगळ्या शाळा निघाल्या. पण तिथं शिकवायला सवर्ण हिंदू मास्तर तयार होईनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. जीआर काढला म्हणजे शाळा चालते असं नाही, हे तेव्हाही खरंच होतं.

सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग राजधानीत झाला नाही. तो १८९३ मध्ये काठियावाडातल्या अमरेली तालुक्यात, मोजक्या गावांपासून सुरू झाला. मला यात महाराजांचा व्यवहारीपणा दिसतो. मूल शाळेत गेलं की गुरं कोण राखणार, धाकटं भावंड कोण सांभाळणार, हा प्रश्न पहिला खेड्यातच उभा राहायचा. तिथं निभावलं तर पुढं जायचं. तेरा वर्षांनी, १९०६ मध्ये, कायदा सगळ्या संस्थानाला लागू झाला: मुलगे सात ते बारा वर्षांचे, मुली सात ते दहा. मुलींची दोन वर्षं का कापली, हे त्या काळची लग्नाची वयं आठवली की उमगतं. मूल घरी ठेवणाऱ्या पालकाला दंड होता.

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचा मुद्दा मांडला तेव्हा बडोद्याचाच दाखला दिला. त्यांचं १९११ चं विधेयक पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं. मुंबई इलाख्यात कायदा झाला तो १९१८ मध्ये, विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नानं, आणि तोही नगरपालिकांच्या मर्जीवर सोडलेला.