स्वेज केलेले चाक-स्टड

चाक ज्या आट्यांच्या खुंट्यांवर बसते, ते स्टड हबच्या (चाकाच्या मध्यभागी फिरणाऱ्या भागाच्या) तबकडीतून आणि ब्रेक ड्रममधून आरपार दाबून, ड्रमच्या बाहेरच्या अंगाला त्यांची मान रिव्हेटसारखी फुगवून, म्हणजे स्वेज करून, पक्के करण्याची पद्धत. त्यामुळे हब व ड्रम मिळून एकच जोड तयार होतो आणि चाक काढले तरी ड्रम हबपासून सुटत नाही. १९४० ते १९६० च्या दशकांतील अनेक अमेरिकी गाड्यांत ही रचना आढळते. विलीज जीप, पहिल्या काही वर्षांतील फोर्ड मस्टँगची पुढची चाके आणि प्लिमथ व्हॅलियंट व डॉज डार्ट यांचे पुढचे हब ही तिची परिचित उदाहरणे होत.

स्टड का फुगवले जात, याविषयी एकमत नाही. हब व ड्रम जोडून मग दोन्ही एकत्र लेथवर कातले, म्हणजे ड्रम बेअरिंगशी समकेंद्री राहतो आणि ही जुळणी पुढे ढळू नये म्हणून स्वेज करतात, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार हेतू एवढाच, की जुळणीच्या रांगेत चाक चढेपर्यंत ड्रम गळून पडू नये. पुष्कळ हबांवर ड्रमला मध्यावर धरणारा गोल काठ स्वतंत्रपणे असतोच. तेथे केंद्र साधण्याचे काम स्टडकडे उरत नाही, म्हणून दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. हा काठ सैल किंवा झिजलेला असेल, तर मात्र पहिल्या मताचे महत्त्व कळते.

ड्रम कातून कातून आतला व्यास मर्यादेपलीकडे गेला की तो बदलावाच लागतो. ही मर्यादा सामान्यतः मूळ मापापेक्षा ०.०६० इंच, म्हणजे सुमारे १.५ मिमी, धरतात. जुन्या ड्रमवर ती बहुधा कोरलेली नसते. खरी चूक जुना ड्रम काढतानाच होते. फुगवलेली मान तशीच ठेवून स्टड प्रेसखाली किंवा घणाने ठोकून काढला, तर ती जाड मान हबच्या भोकातून ओढली जाते. भोक मोठे होते, कधी तबकडीही वाकते. त्या भोकात नवा स्टड घट्ट बसत नाही आणि नट आवळताना जागीच फिरतो. ड्रम पुन्हा मिळू शकतो, जुना हब सहसा मिळत नाही. म्हणून जपायचा तो हब.

योग्य रीत म्हणजे आधी फुगवटा कापणे. त्यासाठी पोकळ नळीसारखे, तोंडाला दाते असलेले कटर स्टडवर चढवतात. स्टडच त्याला मध्यावर धरतो आणि ड्रमच्या पातळीपर्यंत मानेभोवतीची धातू निघते. कटर नसल्यास स्टड कापून उरलेला भाग मध्यावरून भोक पाडत काढता येतो, पण हात जरा हलला तरी हब दुखावतो. नंतर स्टडभोवती जाड नळीचा आधार देऊन प्रेसने तो मागे ढकलतात. ड्रममधील धूळ ब्रेकच्या जुन्या लायनिंगमुळे (घर्षणाच्या अस्तरामुळे) ॲस्बेस्टॉसयुक्त असू शकते. ती हवेने उडवू नये, ओली करून पुसावी.

नवे स्टड दातेरी मानेचे असतात व नुसते दाबून बसतात. नवा ड्रम पुन्हा स्वेज करावा की नाही यावर कारागिरांत मतभेद आहेत. हबचा काठ नीट असेल तर चाकाचे नट ड्रमला पुरेसे आवळून धरतात. मात्र जोडणीनंतर ड्रमचा डोल, म्हणजे फिरताना होणारी हेलकावणी, डायल गेजने (काट्याने सूक्ष्म फरक दाखवणाऱ्या मापकाने) तपासणे आवश्यक, आणि तो जास्त निघाल्यास ड्रम हबवर बसवूनच कातावा.

विलीज जीपला ५ १/२ इंच (१३९.७ मिमी) वर्तुळावर अर्ध्या इंचाचे पाच स्टड असतात. आटे इंचाला वीस. गाडीच्या डाव्या बाजूचे आटे उलटे असतात. फिरत्या चाकाने नट सैल होऊ नये, हे त्यामागचे कारण सांगितले जाते. नवे स्टड मागवण्यापूर्वी गाडीची बाजू पाहून घ्यावी. क्रायस्लरच्या गाड्यांतही उलटे आटे १९७० च्या आसपासपर्यंत टिकून होते.

महाराष्ट्राशी या विषयाचा संबंध मुंबईत जुळवलेल्या जीपमुळे येतो. महिंद्राने विलीज जीपची जुळणी येथे १९४७ ते १९४९ च्या सुमारास सुरू केली आणि पुढे सीजे-३बी हे मॉडेल परवान्याने तयार केले.