क्लाउड बर्स्टिंग

क्लाउड बर्स्टिंग : संस्थेच्या आवारातील संगणक-क्लस्टर (एकत्र जोडलेल्या संगणकांचा समूह) अपुरा पडू लागला की जादा काम भाड्याने घेतलेल्या क्लाउडमधील यंत्रांवर वळवण्याची आणि गर्दी ओसरल्यावर ती यंत्रे सोडून देण्याची पद्धती. इंग्रजी संज्ञेचा शब्दार्थ ढगफुटी असा होत असला, तरी येथे अभिप्रेत आहे ते रांगेत तुंबलेले काम क्लाउडकडे ओसंडणे.

क्लस्टरमधील प्रत्येक संगणकाला नोड म्हणतात. वापरकर्ता नेहमीच्याच लॉगिन नोडवरून, म्हणजे प्रवेशासाठी असलेल्या संगणकावरून, जॉब (करून हवे असलेले काम) पाठवतो. तो कोठे चालवायचा हे शेड्यूलर, म्हणजे रांगेतील कामांचे वाटप करणारी आज्ञावली, ठरवतो. स्लर्म या प्रचलित शेड्यूलरमध्ये रिकामे नोड बंद करून वीज वाचवण्याची जी सोय आहे, तीच यासाठी वापरली जाते. क्लाउडमधील नोडांची नावे कॉन्फिगरेशनमध्ये आधीच लिहून ठेवतात, मात्र ती यंत्रे तेव्हा अस्तित्वातच नसतात. एखाद्या नोडच्या वाट्याला जॉब आला की नेमून दिलेली स्क्रिप्ट ते यंत्र सुरू करते आणि नोड ठरावीक काळ रिकामा राहिला की दुसरी स्क्रिप्ट ते काढून टाकते. नोड जागा होण्याची वाट स्लर्म मुळात 60 सेकंदच पाहतो. क्लाउडमधील यंत्राला सज्ज होण्यास बहुधा त्याहून अधिक वेळ लागत असल्याने ही मर्यादा वाढवली नाही, तर धडधाकट नोडही बंद पडल्याचे गृहीत धरले जाते. याखेरीज दोन्हीकडील वापरकर्ता-क्रमांक आणि घड्याळे जुळलेली असावी लागतात व मधला संपर्क सुरक्षित ठेवावा लागतो.

यंत्रे मिळवणे सोपे असते. खरी अडचण विदेची (डेटाची) असते. सेकंदाला 1 गिगाबिट वेगाच्या, पूर्णपणे मोकळ्या जोडणीवरूनही 10 टेराबाइट विदा पाठवण्यास सुमारे 22 तास लागतात. प्रकाशतंतूतून संकेत सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे 1,000 किलोमीटरवरील केंद्राशी एका फेरीलाच किमान 10 मिलिसेकंद खर्ची पडतात. त्यामुळे हजारो लहान फाइली आवारातील साठ्यातून थेट वाचणारा जॉब क्लाउडमध्ये रखडतो आणि प्रोसेसर नुसते वाट पाहत असताना भाडे मात्र चढत राहते. लागणारी विदा आधीच क्लाउडमधील साठ्यात नेऊन ठेवणे हा त्यावरचा उपाय. पण निकाल परत आणताना अनेक कंपन्या विदा बाहेर नेण्याचे वेगळे शुल्क घेतात, हे अंदाजपत्रकात धरलेच पाहिजे. सतत परस्परांशी बोलणाऱ्या प्रक्रियांचा एमपीआय (प्रक्रियांमधील संदेशवहनाचे प्रमाणित तंत्र) वापरणारा जॉब अर्धा येथे आणि अर्धा तेथे चालवणे तर टाळावेच.

या पद्धतीला सर्वांत चांगली मानवतात ती परस्परांपासून स्वतंत्र, थोड्या विदेवर पुष्कळ गणित करणारी कामे. अमेरिकेतील फर्मीलॅब या कणभौतिकी प्रयोगशाळेने 2016 मध्ये हेपक्लाउड प्रकल्पातून सर्न या युरोपीय कणभौतिकी संस्थेतील सीएमएस प्रयोगासाठी ॲमेझॉनच्या क्लाउडमधील सुमारे 58,000 कोअर (प्रोसेसरमधील गणनाघटक) आपल्या व्यवस्थेला जोडले, तेही कणांच्या टकरींचे सिम्युलेशन करण्यासाठी. अशा कामांसाठी स्वस्त स्पॉट यंत्रे, म्हणजे कंपनी केव्हाही परत घेऊ शकते अशी यंत्रे, घेता येतात. ॲमेझॉन ती परत घेताना साधारण दोन मिनिटांची सूचना देते. म्हणून लांबणारे जॉब अधूनमधून आपली स्थिती साठवतील, म्हणजे चेकपॉइंट घेतील, असेच लिहावे लागतात. ज्या क्लस्टरची रांग वर्षभर भरलेलीच असते, तेथे मात्र स्वतःचे नोड विकत घेणेच बहुधा किफायतशीर ठरते.