बाटलीवरचे पांढरे पट्टे

कोल्ड्रिंकची जुनी काचेची बाटली कधी उजेडात धरून बघा. खांद्यापाशी आणि बुडाच्या जरा वर दोन पांढरट, खरखरीत पट्टे दिसतील. धुण्याभरण्याच्या यंत्रावर बाटल्या एकमेकींना घासत पुढे सरकतात आणि घेर जिथे जास्त तिथे त्या घासल्या जातात. पट्टा जितका रुंद तितक्या बाटलीच्या रिकामी परत येऊन पुन्हा भरण्याच्या फेऱ्या जास्त. बाटलीचं वय असं तिच्या अंगावर उमटतं आणि गिऱ्हाईक ते नकळत वाचतं.

पुण्याच्या कॅम्पात शरबतवाला चौकातलं अर्देशिर १८८४ पासून सोडा विकतंय. तिथली काचेच्या बाटलीतली रासबेरी पिताना बाटली जुनी दिसली तर आपल्याला उलट मौज वाटते. तेच पट्टे एखाद्या नव्या कंपनीच्या ज्यूसवर दिसले तर मात्र आपण झाकण उघडून आधी वास घेऊ. काच तीच, धुणंही तेच.

त्या धुण्याबद्दल थोडं सांगायला हवं. परत आलेली बाटली कॉस्टिक सोड्याच्या साधारण दोन-तीन टक्के द्रावणात, ६० ते ८० अंश सेल्सिअसला काही मिनिटं बुडवून ठेवतात. अल्कलीमुळे तेलकटपणाचा साबण होतो, प्रथिनं सुटी होतात, लेबलचा गोंद निघतो आणि जंतूंचा निकाल लागतो. मग स्वच्छ पाण्याचे फवारे, मग प्रकाशासमोर तपासणी. आपल्या स्वयंपाकघरातलं एकही भांडं रोज असल्या अग्निदिव्यातून जात नाही. तरीही ‘आधी कोणी वापरलीय’ एवढं कळलं की मन मागे सरतं.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली याच मागे सरण्यावर प्रयोग प्रसिद्ध केले. निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ ज्यूसमध्ये क्षणभर बुडवून काढलं, तर तो ज्यूस लोकांना नकोसा झाला. जंतू नाहीत हे माहीत असूनही. दुसऱ्या प्रयोगात दोन बाटल्यांत साखरच भरली होती. एकीवर ‘साखर’ आणि दुसरीवर ‘सोडियम सायनाइड’ अशी लेबलं लोकांनी स्वतःच्या हाताने चिकटवली आणि तरीही दुसरीतली साखर खायला ते कचरले. एकदा स्पर्श झाला की तो कायमचा राहतो, असं मनाचं गणित. डोकं पटवून घेतं, जीभ घेत नाही.

मराठी माणसाला हे कळायला अमेरिकेत जायला नको. उष्टं, खरकटं, पारोसं, विटाळलेलं: आपल्याकडे अस्वच्छतेच्या इतक्या छटा आहेत आणि त्यातल्या काहींवर साबण चालत नाही. हा संशय नेहमी निष्पाप असतो असंही नाही. कामाला येणाऱ्या मावशींचा कप आजही ज्या घरात वेगळा ठेवतात, तिथे प्रश्न जंतूंचा नसतो.

पण जुन्या शिस्तीत एक शास्त्रीय गाभाही होता. पितळेचं भांडं राख-चिंचेने घासलं की चाले, मातीचं मात्र टाकून द्यायचं. माती सच्छिद्र असते, आत मुरलेलं निघत नाही. काच आणि स्टील काही मुरू देत नाहीत. प्लास्टिक या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. गरम रश्शाचा डबा घासून घासून पिवळाच राहतो, कारण हळदीतलं कर्क्युमिन तेलात विरघळतं आणि गरम तेलाबरोबर प्लास्टिकच्या आत शिरतं. तो मळ नव्हे, निव्वळ रंग. डबा चार दिवस उन्हात ठेवा, पुष्कळसा उडेल. पण दुसऱ्या कोणाच्या हळदीने पिवळा झालेला डबा पैसे देऊन कोण घेईल? मीही घेणार नाही.

गंमत म्हणजे पुणेकर वापरलेल्या वेष्टनातून रोज खातोपितो. मेसचा स्टीलचा डबा वर्षानुवर्षं सदाशिव पेठेतून फिरतोय. ऑफिसातला वीस लिटरचा जार किती जिने चढून आला, कोणी विचारत नाही. बिअरच्या बाटलीचा पूर्वेतिहास तर पिणारा चुकूनही काढत नाही. श्रीखंडाच्या डब्यात गोडा मसाला हे तर घराघरातलं चित्र. मेसचा डबा आपल्या नावाचा असतो आणि श्रीखंड आपणच संपवलेलं असतं, म्हणजे त्यांचा भूतकाळ आपल्या ओळखीचा. जारचा आणि बिअरचा भूतकाळ कुठे दिसतच नाही. भीती वाटते ती अर्धवट दिसणाऱ्या परक्याची: ओरखडा, डाग, नीट न निघालेल्या लेबलचा कोपरा.

कायदाही पुनर्वापराच्या आड येत नाही. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, २०१८ च्या वेष्टन-नियमांनुसार काचेच्या बाटल्या आणि पाच लिटर किंवा त्याहून मोठी प्लास्टिकची भांडी पुन्हा वापरता येतात, फक्त ती टिकाऊ आणि सहज धुता येण्याजोगी हवीत. पत्र्याचे डबे मात्र एकदाच.

आणि ‘नवं म्हणजे शुद्ध’ हेही तपासून घ्यावं. कोविडनंतर कित्येक अमृततुल्यांत काचेचा ग्लास गेला आणि कागदी कप आला. त्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या २०२० च्या अभ्यासात अशा कपात ८५ ते ९० अंशाचं १०० मिलिलिटर पाणी १५ मिनिटं ठेवलं, तेव्हा त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिककण उतरले. त्यांनी शरीराचं नेमकं काय होतं हा वेगळा प्रश्न. पण बादलीत बुचकळलेल्या ग्लासाला नाक मुरडणारे आपण या कपाकडे बघतही नाही. (बादलीतल्या पाण्याची बाजू मी घेत नाहीये.)

पुनर्वापराचा हिशेब गिऱ्हाइकाच्या हातात किती असतो ते बघा. शंभरातल्या नव्वद बाटल्या परत आल्या तर एक बाटली सरासरी १० वेळा भरली जाते. पंच्याण्णव आल्या तर २० वेळा, अठ्ठ्याण्णव आल्या तर ५०. परतीत थोडासा फरक आणि आयुष्य दुप्पट! काचेची बाटली जड, बनवायला भरपूर ऊर्जा लागणारी. तीन-चार फेऱ्यांत फुटली किंवा माळ्यावर पडून राहिली तर तिच्यात राम नाही. शिवाय पट्टे फार दिसू लागले की धडधाकट बाटलीही बाद करतात, केवळ रूपासाठी.

आमच्या शेजारच्या काकूंनी मध्यंतरी एका दुकानातून अनामत भरून स्टीलच्या डब्यात उसळ आणली. आणल्यावर ती आधी घरच्या पातेल्यात काढली, डबा कडकडीत पाण्याने धुतला. परत देताना पुन्हा धुतला आणि मग तशाच ओट्यापाशी थबकल्या. रिकामा डबा परत कसा द्यायचा? शेजारणीचा असता तर चमचाभर साखर तरी घातली असती.