'उजवीकडे' म्हणजे नक्की काय?

जमिनीवर घरं आखलेली एक चटई अंथरली आहे. एका घरात मधमाशीच्या आकाराचा छोटासा रोबो आहे. तीन घरं पुढे आणि तिथून एक घर उजवीकडे फुलाचं चित्र आहे. सहा वर्षांची एक मुलगी रोबोच्या पाठीवरची बटणं दाबते: पुढे, पुढे, पुढे, उजवीकडे. मग मधलं 'चल' बटण. रोबो तीन घरं सरळ जातो, जागच्या जागी उजवीकडे तोंड फिरवतो आणि थांबतो. फूल अगदी समोर आहे, पण रोबो काही तिथे गेलेला नाही.

"हा बिघडलाय," ती म्हणते.

रोबो ठणठणीत आहे. गोंधळ शब्दाचा आहे. तिच्या मनात 'उजवीकडे' म्हणजे 'उजव्या बाजूच्या घरात जा' असं होतं. रोबोच्या लेखी त्याचा अर्थ 'तोंड उजवीकडे कर', एवढाच. बी-बॉट नावाच्या या रोबोला मोजक्याच गोष्टी येतात: 15 सेंटीमीटर पुढे जाणं, तेवढंच मागे येणं, डावीकडे किंवा उजवीकडे 90 अंशांत वळणं आणि क्षणभर थांबणं. एरवी आपण अर्धंच बोलतो आणि उरलेलं समोरचा माणूस समजून घेतो. मूल जन्मापासून अशा समजून घेणाऱ्या माणसांतच वाढलेलं असतं. आपण बोललो तेवढंच करणारं, त्यापुढे काहीही न करणारं कुणी त्याला इथे पहिल्यांदा भेटतं. माझ्या मते लहान मुलांच्या कोडिंगचा, म्हणजे यंत्राला नेमक्या आज्ञा द्यायला शिकण्याचा, खरा गाभा हाच आहे. त्यासाठी स्क्रीन लागत नाही, टायपिंग लागत नाही, वाचता येण्याचीही गरज नसते.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. 1967 मध्ये वॉली फॉयरझीग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी अमेरिकेत मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा तयार केली. पॅपर्ट मूळचे गणिती. त्याआधी काही वर्षं त्यांनी जिनिव्हात बालमानसतज्ज्ञ जाँ पियाजे यांच्याबरोबर काम केलं होतं. पुढे लोगोच्या जोडीला जमिनीवर फिरणारं एक यंत्रकासव आलं. 'पुढे जा', 'वळ' अशा आज्ञा दिल्या की ते फिरायचं आणि पोटाखालच्या पेनाने कागदावर रेघ ओढायचं. त्याचं नाव आलं ते इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये मेंदूशास्त्रज्ञ ग्रे वॉल्टर यांनी 1940च्या दशकाच्या अखेरीस बनवलेल्या यंत्रकासवांवरून.

कासवच का, याचं पॅपर्ट यांनी दिलेलं कारण मला फार मोलाचं वाटतं. कासवाला जागा असते आणि तोंडाची दिशा असते, अगदी मुलासारखीच. वर्तुळ कसं काढायचं हे सुचेना, तर मुलाने उठून स्वतः गोल चालून बघायचं. थोडं पुढे, थोडं वळ, पुन्हा थोडं पुढे. अमूर्त भूमिती पायांना कळते आणि पायांकडून डोक्यात जाते.

पण लोगोत आज्ञा टाइप कराव्या लागत, आणि चार-पाच वर्षांच्या मुलांची गाडी तिथेच अडायची. 1970च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठातल्या रेडिया पर्लमन यांनी यावर तोडगा काढला: आधी बटणांची पेटी, नंतर फटीत खोचायची चित्रांची कार्डं. कार्डांची रांग हाच प्रोग्राम. याच पर्लमन पुढे संगणकांच्या जाळ्यांमधल्या कामासाठी जगभर नावाजल्या गेल्या. आज पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी स्क्रॅचज्युनिअर हे 2014 साली आलेलं ॲप आहे, लाकडी ठोकळ्यांची रांग लावून चालवायचा किबो रोबो आहे. पर्लमन यांचीच वाट यांनी पुढे नेली. इंग्लंडमध्ये तर 2014 पासून पाच वर्षांच्या मुलांच्या अभ्यासक्रमातच साधे प्रोग्राम लिहिणं आणि त्यांतल्या चुका दुरुस्त करणं आलं.

या चुकांकडे जरा जवळून बघायला हवं, कारण त्या मोठ्या बोलक्या असतात. पहिली आपण पाहिलीच, वळणं आणि सरकणं एकच समजण्याची. दुसरी मोजण्यातली. रोबो उभा असतो ते घर मूल 'एक' म्हणून मोजतं आणि मग 'पुढे'ची आज्ञा एकदा जास्त दाबली जाते. घरं मोजायची नसून उड्या मोजायच्या आहेत, हे कळायला वेळ लागतो. ही चूक बारीकसारीक नाही. मुरलेले प्रोग्रामरही ती आयुष्यभर करत राहतात.

तिसरी चूक मला सर्वांत सुंदर वाटते. रोबो मुलाकडे तोंड करून येत असतो. मुलाला तो आपल्या उजव्या हाताला वळायला हवा असतो, म्हणून मूल 'उजवीकडे' दाबतं आणि रोबो नेमका उलटा वळतो. स्वतःचा उजवा हात ओळखणं मुलाला आधी जमतं. समोर तोंड करून उभ्या असलेल्याचा उजवा हात ओळखणं बरंच नंतर. दुसऱ्याच्या जागी उभं राहून जग बघायचं, हे इथे उपदेशातून नव्हे तर चटईवर घडतं. मूल उठतं, रोबोच्या मागे जाऊन उभं राहतं, अंग वळवून बघतं आणि मगच बटण दाबतं.

आता एका दाव्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. कोडिंग शिकलं की मुलाची विचारशक्ती आपोआप वाढते, असं पालकांना सर्रास सांगितलं जातं. 1980च्या दशकात रॉय पी आणि मिडियन कर्लंड या संशोधकांनी हे तपासलं. वर्षभर लोगो शिकलेली मुलं वर्गातल्या कामांची आखणी करण्यात लोगो न शिकलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली नाहीत. नुसत्या आज्ञा देता आल्या म्हणून बाकीच्या आयुष्यात फरक पडेलच असं नाही.

मात्र 1988 मध्ये डेव्हिड क्लार आणि शॅरन कार्व्हर या संशोधकांनी वेगळी वाट धरली. त्यांनी आठ ते अकरा वर्षांच्या मुलांना लोगोबरोबरच चूक कशी शोधायची हे पायरीपायरीने शिकवलं. काय व्हायला हवं होतं? प्रत्यक्षात काय झालं? दोन्हींत फरक काय? त्यावरून चूक कोणत्या प्रकारची असेल, प्रोग्राममध्ये कुठे असेल? मग तेवढंच दुरुस्त करून पुन्हा चालवायचं. या मुलांना नंतर कागदावर लिहिलेल्या चुकीच्या सूचना दिल्या, नकाशावरच्या रस्त्याच्या वगैरे. तिथे संगणक नव्हता, तरी त्यातल्या चुका मुलं आधीपेक्षा नेमकेपणाने शोधू लागली. त्यांची मुलं जरा मोठी होती हे खरं, पण माझ्या दृष्टीने निवाडा इथेच होतो. मुलाच्या हाती कुठला महागडा रोबो दिला, यापेक्षा रोबो चुकल्यावर शेजारचं मोठं माणूस काय करतं, ते महत्त्वाचं.

बहुतेक वेळा मोठं माणूस हात पुढे करतं आणि बटण दाबून मोकळं होतं. मायेनेच करतं, पण त्या क्षणी मुलाचा घास काढून घेतलेला असतो. त्याऐवजी बाणांची कार्डं जमिनीवर ओळीने मांडायला लावावीत. बी-बॉट दिलेल्या आज्ञा दाखवत नाही, त्या त्याच्या पोटात असतात. कार्डांमुळे त्या डोळ्यांसमोर येतात. मग एकेका कार्डावर बोट ठेवून विचारायचं, "आता तो कुठे असेल? तोंड कुठे असेल?" एवढंच.

चटईवरच्या त्या मुलीच्या बाबतीत हेच झालं. चौथ्या कार्डावर बोट आल्यावर ती थांबली, उठून रोबोच्या जागी उभी राहिली, उजवीकडे वळली, खाली पाहिलं. पाय त्याच घरात होते. तिने शेवटी 'पुढे'चं एक कार्ड ठेवलं, रोबो उचलून सुरुवातीच्या घरात आणला, पाचही बटणं दाबली आणि 'चल'. रोबो तीन घरं गेला, उजवीकडे वळला, फुलावर आला आणि न थांबता फुलावरून पुढे निघून गेला.

शिक्षिका काही बोलल्या नाहीत. मुलीने कार्डं पुन्हा मोजली, पाचच होती. मग रोबो उलटसुलट करून पाहिला, बटणांवरून बोट फिरवलं आणि ते आज्ञा पुसायच्या बटणापाशी येऊन थांबलं.

"मघाचं त्याच्या लक्षात आहे अजून," ती म्हणाली आणि तिने ते बटण दाबलं.