एअर नौरू : एवढंसं बेट आणि सात विमानं

पॅसिफिक महासागरातल्या नौरू या बेटाएवढ्याच देशाच्या विमानतळाला लागूनच बेटाचा मुख्य रस्ता जातो. विमान उतरायचं असलं की रस्त्यावरची रहदारी थांबवतात. विमान जाईपर्यंत गाड्या जागच्या जागी उभ्या. ही धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने माणसं राबवून बांधून घेतली. त्याच सैन्याने सुमारे १२०० नौरूवासीयांना दूर मायक्रोनेशियातल्या ट्रुक (आताच्या चूक) बेटांवर नेऊन टाकलं होतं. त्यातले ७३७ जण ३१ जानेवारी १९४६ रोजी परत आले. १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला, तोही ३१ जानेवारीलाच. मुद्दाम हीच तारीख निवडली होती.

बेट जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं. भोवती प्रवाळाची कडा, त्यामुळे मोठं जहाज धक्क्याला लागत नसे. सर्वांत जवळचं बानाबा बेटसुद्धा सुमारे ३०० किलोमीटरवर. अशा ठिकाणी विमान म्हणजे आपल्याकडची गावची एसटी. ती आली नाही तर सगळंच अडतं. म्हणून एअर नौरू या तिथल्या सरकारी विमान कंपनीला काहीजण सरसकट श्रीमंतीचा थाट म्हणून हिणवतात, ते मला पटत नाही.

पैसा मात्र आला होता खरा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शेतांना वर्षानुवर्षं खत पुरवणाऱ्या बेटावरच्या फॉस्फेटच्या खाणी १९७० मध्ये नौरूने २ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मोजून ताब्यात घेतल्या. पहिले अध्यक्ष हॅमर डीरॉबर्ट यांच्या काळात, त्याच वर्षी, फाल्कन २० या छोट्या जेटने विमानसेवा सुरू झाली. पुढे बोइंग ७३७ आणि ७२७ आली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ताफ्यात सात विमानं होती. सातही विमानांतल्या जागा धरल्या तर देशाची जवळजवळ दहा टक्के लोकसंख्या एकाच वेळी आकाशात मावली असती.

मेलबर्न, ऑकलंड, हाँगकाँग, मनिला, होनोलुलू, अगदी जपानमधलं कागोशिमा. नौरूला पॅसिफिकचं जंक्शन करायचं, हा बेत होता. तारावा (किरिबाटी), माजुरो (मार्शल बेटं) यांसारख्या शेजारच्या देशांतल्या बेटांवरच्या लोकांची त्यामुळे मोठी सोय झाली, हेही सांगायला हवं. पण पाचपैकी चार खुर्च्या रिकाम्या जायच्या. मार्ग ठरवताना प्रवासी किती मिळतील हे कोणी पाहिलंच नाही. देशाचं नाव कुठवर पोहोचतं, एवढंच पाहिलं. ठरलेल्या फेरीचं विमान कधी सरकारी कामासाठी काढून घेतलं जाई, आणि तिकीट काढलेले प्रवासी ताटकळत बसत. तोटा दरवर्षी फॉस्फेटच्या पैशातून भरून निघे. नाकापेक्षा मोती जड झाला होता.

१९८८ मध्ये वैमानिकांनी संप केला आणि विमानं जमिनीवरच राहिली. त्यानंतर एकेक विमान कमी होत गेलं. फॉस्फेट आटत आलं होतं. पुढच्या पिढ्यांसाठी बाजूला ठेवलेला पैसा चुकीच्या गुंतवणुकीत आणि उधळपट्टीत गेला. मेलबर्नमधली ५२ मजली 'नौरू हाउस' ही इमारत २००४ मध्ये विकावी लागली. डिसेंबर २००५ मध्ये तर ताफ्यातलं शेवटचं बोइंग ७३७-४०० अमेरिकेच्या एक्झिम (निर्यात-आयात) या सरकारी बँकेने थकलेल्या कर्जापोटी मेलबर्नमध्ये जप्त केलं. ज्या देशाला बोट लावायला धड धक्का नव्हता, त्याच्याकडे स्वतःचं एकही विमान उरलं नाही.

२००६ मध्ये तैवानच्या मदतीने एक ७३७-३०० आलं. कंपनीने नाव घेतलं 'अवर एअरलाइन', म्हणजे आपली विमानसेवा. २०१४ मध्ये ते बदलून नौरू एअरलाइन्स झालं. आज मोजक्या विमानांवर ती ब्रिस्बेन, तारावा, माजुरो असे मार्ग चालवते.