टोळाची नजर मॉलिब्डेनमच्या पापुद्र्यात कशी आली

टोळांच्या थव्यात असंख्य कीटक दाटीवाटीने उडतात, पण एकमेकांवर क्वचितच आदळतात. विदर्भाने मे २०२० मध्ये असे थवे पाहिले. त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठातील सप्तर्षी दास यांच्या गटाने टोळाचे हे कौशल्य एका अतिसूक्ष्म उपकरणात उतरवल्याचे जाहीर केले.

त्यामागचा जीवशास्त्राचा धागा जुना आहे. कीटकाला हालचालीची दिशा कशी कळते, याचे गणित हासेनश्टाइन आणि रायखार्ट या जर्मन संशोधकांनी १९५६ मध्ये एका भुंगेऱ्यावरील प्रयोगांतून मांडले. १९७०च्या दशकात टोळाच्या डोळ्यामागची एक मोठी चेतापेशी नीट ओळखली गेली. न्यूकॅसलच्या क्लेअर रिंड यांनी टोळांना अंतराळयुद्धाच्या चित्रपटातील दृश्ये दाखवून तिचे संदेश टिपले. अंगावर चालून येणाऱ्या वस्तूला ही पेशी सर्वाधिक प्रतिसाद देते. वस्तू डोळ्यांत मोठी होत जाते तशी पेशीची उत्तेजना वाढते, मागोमाग तिला आवर घालणारा संदेशही येतो. या दोघांच्या चढाओढीत टक्कर होण्याआधीच प्रतिसाद शिखर गाठतो. मला यातली काटकसर फार मोलाची वाटते: वस्तू कोणती आहे हे ओळखायची गरजच उरत नाही.

दुसरा धागा पदार्थविज्ञानाचा. मँचेस्टरमध्ये २००४ साली ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एका अणूइतका जाड थर, वेगळे झाले, पण प्रवाह अडवू शकणारे ऊर्जा-अंतर त्याला नसल्याने त्याचा ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचा सूक्ष्म स्विच, पूर्ण बंद होत नाही. गॅरेजमधल्या काळ्या ग्रीसमध्ये असणारे मॉलिब्डेनम डायसल्फाइड इथे उपयोगी पडले, कारण त्याला असे अंतर आहे. त्याचा एकच थर उरला की ते प्रकाशाला अधिक चांगला प्रतिसाद देते, हे २०१० मध्ये दिसले. २०११ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझानला त्याचा ट्रान्झिस्टर झाला.

दास यांच्या गटाने याच पदार्थाचा प्रकाशसंवेदक स्मृती साठवणाऱ्या गेटवर, म्हणजे प्रवाह नियंत्रित करणाऱ्या भागावर, बसवला. प्रकाश वाढला की विद्युतप्रवाह वाढतो, गेटचे स्पंद तो टप्प्याटप्प्याने उतरवतात. पेशीतली चढाओढ इथे तशीच घडते, आणि ऊर्जा लागते ती नॅनोज्यूलच्या, म्हणजे ज्यूलच्या अब्जांश भागाच्या घरात. कॅमेरा एकीकडे, प्रोसेसर दुसरीकडे आणि मध्ये माहितीची सततची ने-आण, हा खर्च त्यामुळे टळतो. खरे महत्त्व मी यालाच देईन.

पुढे २०२३ मध्ये याच गटाने अशा आठ घटकांचे सर्किट रात्रीच्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांवर तपासले. टक्कर होण्याच्या दोन-तीन सेकंद आधी त्याने इशारा दिला.