जोडीदाराच्या वाट्याची हवा

स्कूबा डायव्हिंगच्या अपघाताची बातमी आली की ‘ऑक्सिजन सिलिंडर संपला’ असं हमखास छापून येतं. त्या सिलिंडरमध्ये बहुतेक वेळा आपण श्वासात घेतो तीच हवा दाबून भरलेली असते. शुद्ध ऑक्सिजन साधारण ६ मीटरच्या खाली विषारी ठरतो, झटके येऊन माणूस बुडू शकतो.

‘संपला’ हे मात्र खरं असू शकतं. डायव्हिंगच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या संशोधकांनी ९४७ मृत्यूंचा अभ्यास २००८मध्ये प्रसिद्ध केला. ज्या घटनांत सुरुवात कशाने झाली ते कळू शकलं, त्यांपैकी ४१ टक्क्यांत हवा कमी पडली होती. शार्क वगैरे विसरा. आणि समुद्र बळी मागतो, असं जे अजूनही बोललं जातं तेही विसरा. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करण्यात दर्याबद्दलची कृतज्ञता आहे, तिचा मला आदर वाटतो. पण हवेचा हिशोब आपल्यालाच करावा लागतो.

तो हिशोब मला फार आवडतो. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब १ बारने (बार हे दाबाचं एकक) वाढतो. पृष्ठभागावर १ बार, म्हणून ३० मीटरवर ४ बार. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं उपकरण, आजूबाजूच्या दाबाइतक्याच दाबाची हवा देतो, त्यामुळे तिथे प्रत्येक श्वासाला चौपट हवा लागते. १२ लिटरचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरला की त्यात २४०० लिटर हवा मावते. मिनिटाला २० लिटर घेणाऱ्याला ती पृष्ठभागावर दोन तास पुरेल, ३० मीटरवर जेमतेम अर्धा तास.

आता समजा, तळाशी असताना जोडीदाराची, म्हणजे बडीची हवा अचानक बंद झाली. तो तुमचा जादा रेग्युलेटर तोंडात घेतो. घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर सहज ओढतो, दोघांचे ६०. सावरायला एक मिनिट धरलं तर ६० गुणिले ४, म्हणजे २४० लिटर. मिनिटाला साधारण ९ मीटर या वेगाने ५ मीटरपर्यंत यायला तीन मिनिटं लागतात, सरासरी दाब २.७५ बार, म्हणजे ४९५ लिटर. तिथे सुरक्षेसाठी तीन मिनिटांचा थांबा, दीड बारला, २७० लिटर. शेवटच्या टप्प्याला ७५. बेरीज १०८०, भागिले १२, बरोबर ९० बार. अनेक जण ‘५० बार उरले की वर’ एवढाच नियम पाळतात. ५० बार म्हणजे ६०० लिटर, त्यात दोघं वर पोहोचत नाहीत. तुमच्या सिलिंडरमधली जवळजवळ निम्मी हवा दोघांच्या परतीसाठी राखलेली असते.

अर्थात बडी जवळ असेल तरच. रिकाम्या सिलिंडरचा माणूस श्वास सोडून झाल्यावर १० मीटर पोहत तुमच्यापर्यंत येईल ही आशा फोल आहे. हात लांबवला की पोहोचेल एवढंच अंतर हवं. बोटीवरची तपासणीही एकमेकांनीच करायची. व्हॉल्व्ह उघडून पुन्हा बंद झाला असेल तरी गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब दाखवणारा काटा, २०० बार दाखवू शकतो, कारण नळीत हवा अडकलेली असते. म्हणून गेजकडे बघत दोन-चार श्वास घ्यायचे. सुई धाडकन खाली आली तर व्हॉल्व्ह बंद आहे.

मालवण-तारकर्लीला गाइडचा हात धरून थोड्याच खोलीवर जाणाऱ्यांना हे सगळं गणित लागत नाही. पण ‘पोहता येत नसलं तरी चालतं, काही धोका नाही’ या जाहिरातीतला दुसरा भाग खोटा आहे. छातीभर श्वास रोखून जेमतेम सव्वा मीटरवरून वर आलं तरी फुफ्फुस फाटू शकतं, कारण दाब कमी होताना आतली हवा फुगते. श्वास कधीही रोखायचा नाही, हे गाइडने पाण्यात उतरण्याआधी सांगितलंच पाहिजे.

खोल जाणाऱ्यांनी मात्र आकडेमोड बोटीवरच उरकावी. ३० मीटरच्या आसपास नायट्रोजनची धुंदी चढू लागते, साधा गुणाकारही चुकतो, आणि आपण चुकतोय हे कळतही नाही. ९० बार हा आकडा आधी ठरवून पाटीवर लिहायचा. दोघांपैकी ज्याची सुई आधी तिथे येईल त्याने अंगठा वर करायचा, म्हणजे ‘वर चला’ अशी खूण करायची. दुसऱ्याच्या सिलिंडरमध्ये १२० बार असले, समोर कासव पोहत असलं, तरी दोघांनीही वर निघायचं.